गोटी सोडा, चोर्ला घाट आणि भोकांचे दोन दगड

आग्वाद किल्ल्याच्या तटाला हात लावून एक गाइड आपल्या तीस-पस्तीस माणसांना सांगत होता, "ही भोकं बघा. लाव्हा उकळत होता ना, त्याचे हे बुडबुडे." माणसांनी माना डोलावल्या, दगडाचे फोटो काढले आणि घोळका दीपस्तंभाकडे निघून गेला. भोकं दिसली की ज्वालामुखी, ही समजूत गोव्यात पावलोपावली ऐकू येते. त्या दिवशी ती फार लागली, कारण खऱ्या बुडबुड्यांचा दगडही गोव्यातच आहे, दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर, आणि तिकडे थांबून बघणारे जवळजवळ कोणीच नाही. म्हणून या पोस्टमध्ये किनारा कमी आणि दगड जास्त आहेत.

आधी तटाचा दगड. आग्वाद पोर्तुगिजांनी बांधला, १६१२ मध्ये तो पुरा झाला, आणि त्यांच्या हाताशी होता तो चिरा, म्हणजे आपला जांभा. जांभा लाव्ह्यातून थेट येत नाही. बेसाल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक) असो, शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) असो की आणखी काही, खडक कोकणच्या पावसात आणि उकाड्यात लाखो वर्षे भिजत-वाळत राहिला की त्यातली सिलिका, चुना, सोडियम पाण्याबरोबर निघून जातात आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. मधल्या पांढऱ्या-पिवळ्या चिकणमातीच्या शिरा धुऊन गेल्या की वेड्यावाकड्या नळ्या राहतात. तटावरची भोकं ती हीच. खाणीतून नुकताच कापलेला चिरा मऊ, ओलसर असतो आणि हवेवर राहून राहून टणक होतो. लाव्ह्याचे तसे नाही. तो थिजतो तेव्हाच घट्ट होतो, आणि आतला वायू त्या घडीला जिथे असेल तिथेच कोंडला जातो.

दोन्ही दगड ओळखायला बोट पुरते. चिऱ्याच्या भोकात बोट फिरवा: कडा खडबडीत, भोक वळत-वळत शेजारच्या भोकाला जाऊन मिळते, आणि बोटाला तांबडी माती लागते. बेसाल्टमधले बुडबुड्याचे भोक आतून गुळगुळीत असते, गोल किंवा बदामासारखे लांबट, आणि बहुतेक वेळा एकटे. पुष्कळ भोकं एकाच दिशेने ताणलेली दिसली तर लाव्हा त्या अंगाला वाहत होता असे समजायला हरकत नाही. नखाने चिऱ्याचा कण सुटेल, बेसाल्टचा सुटणार नाही.

त्यानंतरचे दोन दिवस कळंगुट-बागाच्या गर्दीत गेले. संगीत कानठळ्या बसवणारे, वाळूवर पाय ठेवायला जागा नाही, आणि खोलीचे भाडे सुट्टीच्या हंगामात दुप्पट. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवशी डिचोली, साखळी करत केरीला. सत्तरी तालुक्यात शिरले की गोव्याचा आवाजच उतरतो. अंजुणे धरणाच्या अलीकडे एका घरी राहायची सोय झाली. खोली साधी, पंखा जुना, पण सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचे लोणचे समोर आले, आणि घरातल्या मावशींनी "आणखी घ्या" हे तीन वेळा म्हटले. किनाऱ्यावरच्या महागड्या न्याहारीपेक्षा हे शंभर पटींनी बरे. त्या पेजेकडे पुढे परत यायचे आहे.

चोर्ला घाटात खालच्या टप्प्यात गोव्याचे जुने, काही अब्ज वर्षांचे खडक आहेत. दख्खनचा काळा बेसाल्ट गोव्याला स्पर्श करतो तो फक्त या ईशान्य कोपऱ्यात, सुर्ला-चोर्लाच्या उंचीवर. पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या दख्खनच्या पठाराची ही शेवटची किनार. एका वळणावर रस्त्याकडेला पडलेला वीतभर लांबीचा तुकडा उचलला आणि इतके दिवस जे सांगायचे होते ते हातात आले. एका बाजूला मोहरीएवढी दाट भोकं, दुसऱ्या बाजूला वाटाण्याएवढी विरळ. काही भोकं पांढऱ्या खनिजाने भरलेली. ही झिओलाइटे नंतरची: लाव्हा थंड झाल्यावर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने ती भोकांत आणून बसवली. आपल्याकडचे विहीर खोदणारे अशा भरल्या भोकांच्या मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात.

लाव्ह्याच्या प्रत्येक ओताला अशी एक उतरंड असते. वरच्या सालीत भोकं दाट, कारण बुडबुडे वर चढतात आणि थिजत आलेल्या सालीखाली अडकतात. मधला गाभा भरीव, कारण तो सावकाश थंड झाला आणि वायूला निघून जायला वेळ मिळाला. तळाशी पुन्हा थोडी भोकं, कधी उभ्या नळ्यांसारखी. कड्यावर हा क्रम खालून वर वाचला की एक ओत कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला ते कळते. दोन ओतांमध्ये कधी तांबड्या भाजल्यासारख्या मातीचा थर दिसतो. तेवढा काळ तिथे लाव्हा आला नव्हता.

म्हणजे हा दगड शांत उद्रेकाचा आहे. बुडबुडे झाले, चढले, बहुतेक निघून गेले, थोडे अडकले. स्फोट झालेला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, असा हातात धरता येत नाही. त्याचा प्युमिस, म्हणजे भोकांनी भरलेला हलका दगड होतो, नाहीतर राख होते. या दोन प्रकारांत फरक पडतो तो उष्णतेमुळे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. दख्खनचा बेसाल्ट साधारण ११५०-१२०० अंशांचा होता आणि तो वाहिला. डोंगर फोडणारा रायोलाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेला घट्ट शिलारस, ७५०-९०० अंशांचाच असतो. स्फोट ठरतो तो वायू वेळेत बाहेर पडतो की नाही यावर.

घाटमाथ्याजवळच्या टपरीवर गोटी सोडा मिळाला. ही बाटली हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने १८७२ मध्ये पेटंट केली. तिच्याइतके चांगले उपकरण या विषयासाठी दुसरे मिळणार नाही. सोड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे, कारण आत हवेच्या दाबापेक्षा काही पट जास्त दाब आहे. बंद बाटलीत एकही बुडबुडा दिसत नाही. वायू तिथे आहे, पण वायू म्हणून नाही, द्रवाचा भाग म्हणून. गोटी अंगठ्याने दाबली की दाब एका क्षणात उतरतो आणि द्रवाला जो वायू आता सांभाळता येत नाही तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. बाटली तापवावी लागत नाही. नुसते दाब काढून घेणे पुरते.

टपरीवाल्याने ग्लासात आधी मीठ टाकले, लिंबू पिळले आणि मग सोडा ओतला. फेस काठावर आला. मिठाने सोड्यात वायू वाढवला नाही. बुडबुड्याला जन्मायला जागा लागते, आणि मिठाचा प्रत्येक कण तशी जागा देतो. शिलारसात हे काम स्फटिक करतात, विशेषतः मॅग्नेटाइट या लोखंडी खनिजाचे बारीक कण. असे स्फटिक भरपूर असले तर वायू थोडा दाब उतरताच सुटू लागतो, टप्प्याटप्प्याने. स्फटिकच नसलेला स्वच्छ रायोलाइट मात्र हट्टाने वायू धरून ठेवतो. त्यातून आपोआप बुडबुडा जन्मायला कधी कधी हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त दाब उतरावा लागतो, आणि मग सगळे एकदम होते.

आता सोड्याच्या जागी शिलारस ठेवू. त्यातला मुख्य वायू म्हणजे पाणी, वाफेच्या रूपात सुटणारे. त्याच्या मागोमाग कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड फार कमी विरघळतो, म्हणून तो खोलवरच सुटायला लागतो. पाणी मात्र दाबाखाली भरपूर मावते आणि त्याचा नियम साधा आहे: मावणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दाब चौपट उतरला की पाणी निम्मे. रायोलाइटचे आकडे असे येतात. सात-आठ किलोमीटर खोलीवर, हवेच्या २००० पट दाबाखाली, वजनाच्या जवळपास ६ टक्के पाणी विरघळते. चार किलोमीटरवर ४ टक्के. एक किलोमीटरवर २ टक्के. जमिनीवर पोचेपर्यंत टक्क्याचा दहावा भाग. म्हणजे ५ टक्के पाणी असलेला शिलारस वर चढू लागला की सहा किलोमीटरच्या आसपास त्याची सोशिकता संपते आणि पहिला बुडबुडा होतो. शेवटच्या एक-दीड किलोमीटरात सगळे अंगावर येते, कारण तिथे दोन गोष्टी एकदम घडतात: उरलेले पाणी भराभर सुटते, आणि आधी सुटलेली वाफ दाब उतरेल तशी फुगत जाते.

हे कागदावर मांडून बघण्यासारखे आहे. एक घनमीटर रायोलाइट, वजन साधारण २३०० किलो. ५ टक्के पाणी म्हणजे ११५ किलो. ९०० अंशांची वाफ हवेच्या दाबाला किलोमागे सव्वापाच घनमीटरांहून थोडी जास्त जागा घेते. म्हणजे एका घनमीटर दगडातून सहाशे घनमीटरांहून अधिक वाफ. एका मीटरच्या खोक्यातून तीन मजली घराएवढा वायू, आणि तो काही सेकंदांत. डोंगर फुटतो यात नवल नाही. नवल एवढेच की काही डोंगर फुटत नाहीत.

का फुटत नाहीत, याचे उत्तर केरीच्या स्वयंपाकघरात मिळाले. सकाळी मावशींच्या चुलीवर पेज उकळत होती. पातळ पेजेत बुडबुडे तळातून सुटून सरळ वर येतात, फुटतात आणि वाफ निघून जाते. संध्याकाळी त्याच चुलीवर नाचणीचे सत्त्व आटत होते. घट्ट होत गेले तसे बुडबुडे उशिरा वर येऊ लागले, मोठे होऊन आले आणि प्रत्येकाच्या फुटण्याबरोबर सत्त्वाचा गरम गोळा भांड्याबाहेर उडू लागला. मावशींनी हात मागे घेतला आणि लांब दांड्याचा डाव घेतला. चूल तीच, जाळ तोच. घट्टपणा बदलला.

पेज आणि सत्त्व यांच्यातला फरक शिलारसात हजारो पटींचा होतो. तापलेला बेसाल्ट मधाएवढा किंवा त्याच्या दहापट घट्ट असतो. ८०० अंशांचा, ५ टक्के पाणी असलेला रायोलाइट मधाच्या पाच-सहा हजार पट. एक सेंटिमीटरचा बुडबुडा अशा बेसाल्टमध्ये तासाला दहा-बारा मीटर चढू शकतो. त्या रायोलाइटमध्ये दिवसभरात वीतभरही नाही. बुडबुडा द्रवातून वर जात नाही. द्रवाला जिथे जायचे तिथे तो त्याच्याबरोबर अडकून जातो.

त्यात आणखी एक घातक गोष्ट आहे, आणि सोड्याची बाटली ती दाखवू शकत नाही. सोड्यातून वायू गेला तरी सोडा पातळच राहतो. शिलारसात विरघळलेले पाणीच त्याला पातळ ठेवत असते. ते सुटू लागले की उरलेला रस घट्ट होत जातो. रायोलाइटमधले पाणी ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले की घट्टपणा काही शे पट वाढतो, आणि जवळजवळ सगळे पाणी गेले की काही लाख पट. म्हणजे जितका वायू सुटतो तितकी त्याची बाहेरची वाट बंद होत जाते.

बुडबुडे वाढत गेले की त्यांच्या मधल्या भिंती पातळ होतात. आपल्या वरच्याच घनमीटरचे गणित पुढे चालवले तर दाब हवेच्या दीडशे पटींवर आला, म्हणजे जमीन अजून पाऊण किलोमीटरच्या आत असताना, तीन-चतुर्थांश जागा बुडबुड्यांनी व्यापलेली असते. तोवर तो द्रवातला वायू असतो. पुढच्या क्षणी तो वायूतला द्रव होतो. फेस फाटतो. भिंती ताणल्या जाण्याचा वेग इतका असतो की रसाला वाहायला सवड मिळत नाही आणि तो काचेसारखा तडकतो. जे तुकडे उरतात ते म्हणजे ज्वालामुखीची राख. ती जळून झालेली राख नाही, बुडबुड्यांच्या भिंतींच्या धारदार काचा आहेत. म्हणूनच ती फुप्फुसाला आणि विमानाच्या इंजिनाला इतकी वाईट. जे तुकडे फाटण्याआधीच थिजले ते प्युमिस. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पोकळीच असते, म्हणून तो पाण्यावर तरंगतो.

फाटल्यावर सगळे बदलते. नळीतून आता घट्ट रस चढत नाही, वायूचा झोत चढतो, आणि तो तोंडातून सेकंदाला शेकडो मीटर वेगाने बाहेर पडतो. एवढ्या जोरावर तो काही किलोमीटरच जाईल. पुढची उंची दुसऱ्याच कारणाने मिळते: गरम राख आजूबाजूची हवा आत ओढते, ती तापवते, आणि सगळे मिश्रण हलके होऊन फुग्यासारखे वर जाते. १५ जून १९९१ रोजी फिलिपीन्समधल्या पिनातुबोचा स्तंभ ३५ किलोमीटरच्या वर गेला. हवा पुरेशी मिसळली नाही, किंवा तोंड रुंदावून झोत जड झाला, तर स्तंभ स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि तापलेली राख-वायूची लाट उतारावरून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने धावत सुटते. ज्वालामुखीच्या परिसरात सर्वांत जास्त भीती बाळगायची ती या लाटेची. लाव्ह्याच्या पुढे माणूस बहुतेक वेळा चालत निघून जाऊ शकतो, हिच्या पुढे नाही.

मग घट्ट रायोलाइट दर वेळी फुटतो का? नाही, आणि याचे कारण वेग. शिलारस सावकाश चढला तर बुडबुडे एकमेकांना जोडले जातात, त्यांतून झिरपवाटा तयार होतात, नळीच्या भेगाळलेल्या भिंतींतून वायू निसटतो आणि वर येतो तो निर्वायू, जड गोळा. त्याचा घुमट होतो किंवा ऑब्सिडियनचा काळा काचेरी ओत. चिलीतल्या चैतेनने २००८ मध्ये दोन्ही करून दाखवले. पाच किलोमीटरहून खोल असलेला रायोलाइट सुमारे चार तासांत जमिनीवर आला, सेकंदाला अर्धा-एक मीटर, आणि स्फोट झाले. पुढच्या आठवड्यांत तोच रस त्याच नळीतून हळू येऊ लागला आणि घुमट वाढत गेला. रसायन एकच, वायूला मिळालेली सवड वेगळी.

गोटी सोड्याची दुसरी खुबी इथे उपयोगी पडते. त्या बाटलीला वरून झाकण नाही. आतल्या वायूनेच गोटी रबरी कड्यावर दाबून धरलेली असते. ज्वालामुखीही आपले बूच आपणच करतो. नळीच्या तोंडाशी वायू निघून गेलेला रस थिजतो, भेगांत खनिजे बसतात, झिरपवाटा बुजतात. खाली शिलारस थंड होऊन त्यात स्फटिक होत राहतात. स्फटिकांत पाणी जवळजवळ जात नाही, म्हणून उरलेल्या रसात ते दाटत जाते आणि वर न चढताही तो दुसऱ्यांदा उकळल्यासारखा बुडबुडे सोडू लागतो. दाब वाढत जातो. खालून नवा, जास्त गरम बेसाल्ट येऊन भिडला तर आणखी लवकर. पिनातुबोच्या खाली तेच झाले होते.

पिनातुबोचे आकडे मी प्रत्येकाला सांगते, कारण त्यात एक गैरसमज मोडतो. १३ मे १९९१ ला तिथून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मे पर्यंत तो ५००० टनांवर गेला. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एकदम तीनशे टनांच्याही खाली आला. सामान्य माणूस म्हणेल, बरे झाले, शांत होतोय. तिथल्या शास्त्रज्ञांनी बूच बसल्याची शक्यता धरली. भूकंप वाढत होते. लोकांना हलवले गेले, आणि दहा दिवसांच्या आत विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. धूर कमी झाला म्हणजे धोका टळला असे ज्वालामुखीच्या बाबतीत कधीही धरू नये.

आणि बूच बाहेरून निघाले तर? वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्सच्या पोटात १९८० च्या वसंतात शिलारस शिरला आणि उत्तरेचा उतार दिवसाला दीड-दोन मीटर फुगू लागला. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तो अख्खा उतार घसरला. वरचे वजन गेले, दाब क्षणात उतरला, आणि स्फोट आडवा, उत्तरेकडे झाला. अंगठ्याने गोटी दाबावी तसा. ५७ माणसे गेली.

इथे प्रवास करणाऱ्यांसाठी कळकळीने एक सांगायचे आहे, कारण बाली, आइसलँड, इटलीच्या सहली आपल्याकडे आता पुष्कळ होतात. काही स्फोटांना नवा शिलारस वर यावाच लागत नाही. विवराखालचे भूजल दाबाखाली शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेले असते. एखादी भेग उघडली की ते एकदम वाफ होते. जपानच्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी भर दुपारी असेच झाले, ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. न्यूझीलंडच्या व्हाकारीवर ९ डिसेंबर २०१९ रोजी २२ जण गेले. अशा स्फोटांची पूर्वसूचना मिनिटांची असते किंवा नसतेच. बंद केलेल्या पट्ट्यात फोटोसाठी पाऊल टाकू नका. विवराजवळच्या खोलगट जागेत बसू नका, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि तिथे साचतो. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा.

आता परत चोर्ल्याला. दख्खनचा उद्रेक पृथ्वीवरच्या प्रचंड उद्रेकांपैकी एक, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तरी त्याने मागे ठेवले ते वाहून आलेले थर. त्या बेसाल्टमध्ये पाणी थोडे होते आणि रस पातळ. वायू भेगांच्या तोंडाशीच सुटत गेला, लाव्ह्याची कारंजी उडाली असतील, आणि बाकीचा रस दूरवर पसरला. अंदमानजवळच्या बॅरन बेटावरचा बेसाल्टही बहुधा असाच लहान-लहान झटक्यांनी उसळतो. तो १९९१ मध्ये दीर्घ झोपेतून जागा झाला. तरीही बेसाल्ट म्हणजे निर्धोक असा नियम करू नये. न्यूझीलंडच्या तारावेराने १० जून १८८६ रोजी बेसाल्टचाच प्रचंड स्फोट केला. बेसाल्ट फार वेगाने चढला तर वाटेत त्यात बारीक स्फटिकांची गर्दी होते, रस सत्त्वासारखा दाटतो आणि बुडबुडे अडकतात.

खऱ्या स्फोटाची खूण हवी असेल तर ती महाराष्ट्रात कुकडीकाठी बोरीला आणि आंध्रात ज्वालापुरमला आहे. तिथल्या गाळात सुमात्राच्या टोबाची राख सापडते. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. समुद्रापलीकडून हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पांढुरक्या भुकटीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसते ती बुडबुड्याची तुटलेली, वक्र भिंत. चोर्ल्याच्या दगडात बुडबुडा शाबूत आहे. बोरीच्या राखेत फक्त त्याचे कवच.

शेवटचा दिवस दक्षिण गोव्यात काणकोणच्या एका शांत किनाऱ्यावर. खोली स्वच्छ, माणसे मायाळू, दुपारच्या जेवणात तिसऱ्यांचे सुके अप्रतिम. ओहोटीला फिकट ग्रॅनाइटमधून सरळ रेषेत जाणारा काळा पट्टा उघडा पडला. ही डाइक: भेगेत शिरून थिजलेला शिलारस. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या अशा डाइकांचे वय ६ कोटी २८ लाख वर्षे निघाले आहे. आज आपण ज्या पातळीवर उभे असतो ती त्या वेळी जमिनीखाली होती. वरचा खडक त्यानंतर झिजून गेला. पट्ट्याच्या कडेला कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, कारण थंड ग्रॅनाइटला टेकून रस झटकन गोठला. मध्याकडे कण मोठे होत जातात.

पूर्ण पट्ट्यावर हात फिरवला. भोकं जवळजवळ नाहीत. शिलारस इथून वर गेला तेव्हा त्यातला वायू अजून विरघळलेलाच होता. वर दाब होता आणि गोटी अजून जागेवर होती.